सेटअप फायलीवरही सही हवी : सॉफ्टवेअर वाटणाऱ्या कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
नागरिकांसाठी व कर्मचाऱ्यांसाठी संगणक प्रणाली तयार करून घेणारे राज्यातील सर्व शासकीय विभाग, महामंडळे, विद्यापीठे, सहकारी संस्था आणि त्यांना या प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्या

विषय : डिजिटल स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर वितरित करणे व ते बसवण्यासाठी संगणकाची सुरक्षा बंद करण्याच्या सूचना देणे थांबवण्याबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयावर हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण ते एकाच कार्यालयाला पाठवून भागण्यासारखे नाही. एका तालुक्याच्या गावी मी संगणक दुरुस्तीचे आणि देखभालीचे काम करतो; आपले सरकार सेवा केंद्रे, पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायती आणि काही ठेकेदार हे माझे नेहमीचे ग्राहक. आपल्यापैकी कोणाचे ना कोणाचे सॉफ्टवेअर यातल्या प्रत्येकाच्या संगणकावर असते : टोकन (सहीचे प्रमाणपत्र साठवलेले यूएसबी साधन) लावून सही करण्याची युटिलिटी, थंब मशीनचा ड्रायव्हर, निविदा भरण्याचे साधन, विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची ऑफलाइन प्रणाली, मॅक्रो (फाईलमध्येच लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाईल. ते बसवायला घेतले की संगणक अडवतो, आणि अडवल्यावर काय करायचे हे सोबतच्या पीडीएफमध्ये आधीच छापून ठेवलेले असते. अँटिव्हायरस बंद करावा, निळी खिडकी आल्यास ‘मोअर इन्फो’वर आणि मग ‘रन एनीवे’वर क्लिक करावे, तरीही न चालल्यास ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. संगणक अडवतो याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या छापील सूचनांना.

ती निळी खिडकी म्हणजे व्हायरस सापडल्याची खबर नव्हे, एवढे आधी स्पष्ट करतो, कारण आपल्या मदतकक्षातील मंडळी ‘तो वॉर्निंग खोटा असतो, आमच्या फायलीत काही नाही’ असेच उत्तर देतात. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, ‘स्मार्टस्क्रीन’ नावाची तपासणी विंडोजमध्ये अंगभूत आहे. इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्राम चालवताना ती मुख्यतः दोन गोष्टी पाहते : त्यावर मान्यताप्राप्त संस्थेने ओळख पडताळलेल्या प्रकाशकाची डिजिटल सही आहे का, आणि हा प्रोग्राम किंवा हा प्रकाशक याआधी पुरेशा संगणकांवर बिनतक्रार वापरला गेला आहे का. दोन्हीकडून काही हाती लागले नाही, तर ती निळी खिडकी दाखवून प्रकाशक अज्ञात असल्याचे सांगते. हा प्रोग्राम कोणी केला आणि आपल्या सर्व्हरपासून माझ्या ग्राहकाच्या टेबलापर्यंत येताना त्यात कोणी काही घुसवले का, हे कळायला तिला मार्ग नाही, एवढाच तिचा दावा असतो. सही नसलेल्या फायलीच्या बाबतीत तो दावा शंभर टक्के खरा असतो. तो मार्ग मलाही नसतो आणि आपल्या मदतकक्षालाही नसतो.

यातली विसंगती आपल्या लक्षात कशी आली नाही, याचे नवल वाटते. राज्य शासनाचा साधा शासन निर्णय उघडला तरी शेवटी त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो आणि ‘हा शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’ हे वाक्य असते. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळतो आणि पंधरा रुपये भरून शेतकरी तो घरबसल्या काढतो. निविदा भरायची तर ठेकेदाराला क्लास 3 चे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यासाठी ओळख पटवावी लागते, व्हिडिओवर चेहरा दाखवावा लागतो, आणि त्या प्रमाणपत्राची खाजगी किल्ली, म्हणजे जिच्याने सही होते तो गुप्त संकेत, टोकनच्या बाहेर काढता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये आला तेव्हापासून या देशात डिजिटल सहीला कायद्याची मान्यता आहे. म्हणजे कागद कोणी दिला हे सिद्ध करण्याची शिस्त आपण स्वतः पाळता आणि नागरिकांकडूनही कसोशीने पाळून घेता; पण ती सही करण्यासाठी जो प्रोग्राम आपण त्याच नागरिकाच्या हाती ठेवता, त्याच्या गुणधर्मांच्या खिडकीत ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबच नसतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यात कोणी फेरफार केला तर एका माणसाचे नुकसान होईल. सही करणाऱ्या युटिलिटीतच फेरफार झाला तर टोकन लावून पिन टाकणारा प्रत्येक जण त्यात सापडेल.

फेरफार होतो कुठे, असे विचारले जाते. त्यासाठी आपले सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसे फिरते ते पाहावे लागेल. विंडोजमध्ये ब्राउझरने उतरवलेल्या फायलीला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवली जाते. ‘झोन डॉट आयडेंटिफायर’ हे तिचे नाव, आणि फाईल इंटरनेटवरून आल्याची नोंद तीत ‘झोन आयडी 3’ अशी असते. ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. तीच फाईल पेनड्राइव्हवर कॉपी केली, आणि आपल्याकडचे बहुतेक पेनड्राइव्ह फॅट 32 किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, की चिठ्ठी वाटेतच गळून पडते. मग त्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर सेटअप चालवला तर निळी खिडकी येतच नाही. फक्त परवानगी विचारणारी पिवळ्या पट्टीची खिडकी येते, जिच्यावर डोळे झाकून ‘येस’ दाबण्याची सवय केव्हाच लागलेली असते. याचा परिणाम असा झाला आहे की, साइटवरून डाउनलोड केलेला सेटअप ‘एरर देतो’ आणि अमक्या केंद्रचालकाच्या पेनड्राइव्हवरचा सेटअप ‘बरोबर चालतो’, अशी पक्की समजूत सगळीकडे झालेली आहे. सेटअप एकच, पण पेनड्राइव्हवाल्याला मागणी असते, आणि तो पेनड्राइव्ह या झेरॉक्सच्या दुकानातून त्या पतसंस्थेत, तिथून शाळेत असा फिरत राहतो. सॅलिटीसारखे व्हायरस नेमके अशाच प्रवासात .ईएक्सई फायलींच्या पोटात शिरतात. सही असलेल्या फायलीत एक बाइट जरी बदलली तरी सही अवैध ठरते आणि पाहणाऱ्याला ते दिसते. सही नसलेल्या फायलीत अख्खा व्हायरस शिरला तरी ती बाहेरून होती तशीच दिसते, आणि अँटिव्हायरस तर आपल्याच सूचनेवरून बंद केलेला असतो.

अँटिव्हायरस बंद करण्याच्या सूचनेविषयी थोडे अधिक लिहायला हवे. विंडोजमध्ये अंगभूत असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचे तात्काळ संरक्षण हाताने बंद केले तर काही वेळाने ते आपोआप पुन्हा चालू होते. मायक्रोसॉफ्टने ते मुद्दाम तसे ठेवले आहे. म्हणून हुशार पुस्तिकाकारांनी पुढची पायरी शोधली : वगळलेल्या जागांच्या यादीत, म्हणजे ‘एक्सक्लूजन्स’मध्ये, सॉफ्टवेअरचे फोल्डर टाका. काही पुस्तिकांत तर थेट संपूर्ण सी ड्राइव्ह वगळायला सांगितले आहे. ही सूट आपोआप रद्द होत नाही. काम संपते, योजनेची मुदत संपते, ते सॉफ्टवेअर काढून टाकले जाते. सूट मात्र तशीच राहते आणि त्या ड्राइव्हवर पुढे काय येऊन बसले ते डिफेंडर कधीच तपासत नाही. जागा वगळून घेणे ही खुद्द व्हायरस लिहिणाऱ्यांची आवडती युक्ती आहे. त्यांचे काम आपण अधिकृत पुस्तिकेतून करून देत आहात.

आणि जिथे पुस्तिका वाचूनही जमत नाही तिथे मदतकक्षाचा माणूस फोनवरून सांगतो की, दूरस्थ जोडणीचे ॲप टाका, नऊ आकडी नंबर सांगा, ‘ॲक्सेप्ट’ दाबा. तो माणूस खरा असतो, काम करून देतो आणि ग्राहक त्याचे आभारही मानतो. पण ॲनीडेस्कसारख्या ॲपमधून भामटे लोकांची खाती रिकामी करत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना दिला होता. अनोळखी माणसाने फोनवर सुरक्षा बंद करायला सांगितली की फोन ठेवून द्या, असे पोलीस एकीकडे सांगतात. दुसरीकडे अनोळखी माणसाने फोनवर सुरक्षा बंद करायला सांगितली तरच आपले सॉफ्टवेअर चालते. केंद्रचालकाने दोघांपैकी कोणाचे ऐकायचे?

मोबाइलवर हा प्रश्न अधिक उघडा पडला आहे. आरटीओचे चलन, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका अशा नावांच्या एपीके फायली, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवण्याच्या फायली, व्हॉट्सॲपवर येतात, आणि त्या उघडणाऱ्याचे एसएमएस व ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतील एका शासकीय कर्मचाऱ्याचे अशाच लग्नपत्रिकेपायी जवळपास दोन लाख रुपये गेल्याची बातमी सर्वांनी वाचली आहे. अँड्रॉइड अशा फाईलला गप्प बसून आत घेत नाही. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून, ज्या ॲपमधून फाईल उघडली जाते त्या प्रत्येक ॲपला ती परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीसारखी (जिच्यामुळे ॲपला पडद्यावरचे वाचता येते आणि बटणे दाबता येतात) संवेदनशील सेटिंग सहजासहजी मिळत नाही. आणि व्हॉट्सॲप किंवा ब्राउझरमधून आलेले ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल तर ते बसवूच न देण्याचा प्रयोग गूगलने भारतासाठी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केला. इतके अडथळे ओलांडून ती फाईल आत येते, कारण फाईल पाठवणारा सोबत सूचनाही पाठवतो : ‘अननोन ॲप्स अलाऊ करा, वॉर्निंग आली तरी इन्स्टॉल एनीवे दाबा.’ हे वाक्य आपल्या पुस्तिकेतल्या वाक्याशेजारी ठेवून पाहावे. शासकीय प्रशिक्षणात तेच ऐकलेल्या कर्मचाऱ्याला भामट्याच्या तोंडी ते वावगे वाटणार नाही. सर्वेक्षणाचे ॲप प्ले स्टोअरवर चढेपर्यंत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एपीके टाकून ‘आजच इन्स्टॉल करून स्क्रीनशॉट पाठवावा’ असा आदेश निघतो, तेव्हा अंगणवाडी सेविकेने किंवा शिक्षकाने खऱ्या-खोट्याची पारख कशावरून करायची, हे आदेश काढणाऱ्याने एकदा लेखी सांगावे.

याहून गंभीर प्रकार प्रमाणपत्रांचा आहे. सही करणाऱ्या काही युटिलिटी संगणकावर स्वतःचा छोटा सर्व्हर चालवतात, ब्राउझर त्याच्याशी बोलतो, आणि ब्राउझरने कुरकुर करू नये म्हणून त्या स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या आधारावर इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात ते, विंडोजच्या विश्वासार्ह यादीत घालतात. त्या प्रमाणपत्राची खाजगी किल्ली सॉफ्टवेअरमध्येच ठेवलेली असेल आणि प्रत्येक संगणकावर तीच असेल, तर ती काढून घेणारा कोणत्याही बँकेच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार करू शकतो आणि ते मूळ प्रमाणपत्र यादीत असलेले सगळे संगणक त्यावर विश्वास ठेवतील. ही कल्पनेतली भीती नव्हे. लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच टाकून दिलेल्या सुपरफिश या जाहिरात-सॉफ्टवेअरने हेच केले होते, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये ते उघडकीस आल्यावर कंपनीला ते काढण्याचे साधन द्यावे लागले. आपल्याकडेही जुलै 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती आणि ती तातडीने रद्द करावी लागली होती. मूळ प्रमाणपत्र घालणे ही सेटअपमधील एक किरकोळ पायरी नाही, हे पुरवठादारांनी तरी जाणून असायला हवे.

आता आपल्या बाजूने जे सांगितले जाते ते. सही असली तरी नवीन फायलीला काही दिवस निळी खिडकी येतेच, हे खरे आहे, कारण लौकिक तयार व्हायला वेळ लागतो. परंतु तेव्हा प्रकाशकाच्या जागी विभागाचे नाव दिसते, आणि पुस्तिकेत ‘प्रकाशकाचे नाव अमुक असेल तरच पुढे जावे, अन्यथा थांबावे’ असे लिहिता येते. अँटिव्हायरस विनाकारण पकडतो, हेही कधी कधी खरे असते. त्यासाठी फाईल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीला पाठवण्याची सोय आहे, आणि ते काम सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने एकदा करायचे आहे, हजारो केंद्रचालकांनी सुरक्षा बंद करून करायचे नाही. खर्चाची सबब मात्र मला पटत नाही. प्रकल्पाच्या एकूण रकमेत कोड सायनिंगचे, म्हणजे प्रोग्रामवर सही करण्याचे, प्रमाणपत्र ही दखल घेण्याजोगी बाब नाही, आणि 1 जून 2023 पासून त्याची खाजगी किल्लीही हार्डवेअरमध्येच ठेवणे बंधनकारक झाले आहे. म्हणजे आपला लिपिक रोज जसे टोकन वापरतो तसेच आणखी एक. लिपिकाच्या सहीचे प्रमाणपत्र यासाठी चालत नाही, वेगळे घ्यावे लागते, इतकेच.

खर्चाचा मुद्दा मांडण्याचा खरा अधिकार दुसऱ्या मंडळींना आहे. फावल्या वेळात मराठी टंकलेखनाचे साधन किंवा शब्दकोश तयार करून फुकट वाटणाऱ्या एकट्या माणसाला ॲपलचे वर्षाचे 99 डॉलर भरणे जड जाते. मॅकवर 2024 च्या सिक्वोया आवृत्तीपासून कंट्रोल क्लिकची जुनी पळवाटही बंद झाली असून, त्याच्या वापरकर्त्याला सेटिंगमध्ये खोल जाऊन परवानगी द्यावी लागते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपलाही निर्मात्याची ओळख पडताळून घेणे सक्तीचे करण्याचा निर्णय गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केला, तेव्हा एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडाराने त्याला जाहीर विरोध केला. आपल्या मालकीच्या यंत्रावर काय चालावे हे दूरच्या कंपनीने ठरवावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यात माझी सहानुभूती त्या एकट्या माणसाकडे आहे. परंतु आपण एकटे नाही. आपल्यामागे निविदा, अंदाजपत्रक आणि कायदा आहे. शिवाय त्याचे साधन नको असेल तर कोणीही नाकारू शकतो; आपले नाकारले तर दाखला मिळत नाही, शिष्यवृत्ती अडते, बिल निघत नाही. ज्याला ‘नको’ म्हणायची सोय नाही त्याच्या संगणकाची जबाबदारी सक्ती करणाऱ्याकडे येते.

म्हणून मागणी आहे ती अशी. वितरित होणाऱ्या प्रत्येक सेटअपवर, आणि त्यातून बसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर व ड्रायव्हरवर, विंडोजला मान्य असलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्राने सही असावी, आणि ती विभागाच्या नावाने असावी. पुरवठादार कंपनीचे नाव गावातल्या कोणालाच ओळखीचे नसते, आणि कंत्राट बदलले की ते बदलते. सहीवर कालमुद्रा, म्हणजे सही केव्हा झाली याची पडताळता येणारी नोंद, असावी, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपताच जुना सेटअप पुन्हा अज्ञात ठरतो आणि पुस्तिकेत पुन्हा तीच ओळ येते. सहीची किल्ली विभागाच्या ताब्यात असावी. फाईल फक्त शासकीय संकेतस्थळावरून मिळावी. गूगल ड्राइव्हच्या लिंका आणि ग्रुपवरच्या झिप फायली बंद व्हाव्यात. मोबाइलचे ॲप प्ले स्टोअरवर चढेपर्यंत त्याचा आदेश निघू नये. मॅक्रोवर चालणाऱ्या एक्सेल फायलींनाही हेच लागू आहे : इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली असून, तो अडसर काढायला सांगण्यापेक्षा तेच काम ब्राउझरमधील साध्या अर्जावर आणणे बरे. आणि अँटिव्हायरस बंद करण्याची, सी ड्राइव्ह वगळण्याची किंवा ‘रन एनीवे’ दाबण्याची सूचना देणारी प्रत्येक पुस्तिका संकेतस्थळावरून आज काढली तरी चालेल. त्यासाठी कोणत्याही निविदेची गरज नाही.

हे टाळता येण्याचे दिवसही फार उरलेले नाहीत. विंडोज 11 मध्ये 2022 पासून ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ आले आहे. ते चालू असलेल्या नव्या संगणकावर अनोळखी आणि सही नसलेला प्रोग्राम सरळ अडवला जातो. तिथे ‘रन एनीवे’ हे बटणच नाही. मूळ रचनेनुसार ते एकदा बंद केले की विंडोज नव्याने टाकल्याशिवाय पुन्हा चालू होत नसे. नवा लॅपटॉप घेऊन आलेल्या ठेकेदाराची निविदा त्याच दिवशी भरायची असते, म्हणून ते बंद करून द्यावे लागते, आणि पुढची काही वर्षे तो लॅपटॉप त्याच अवस्थेत बँकेचे व्यवहार करत राहतो.

संकेतस्थळांची आणि ॲपची सुरक्षा तपासणी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतील संस्थांकडून करून घेण्याची पद्धत शासनात रुळलेली आहे. त्याच तपासणीच्या अटींत आणि नव्या निविदांच्या मसुद्यात ‘वितरित होणाऱ्या प्रत्येक कार्यान्वयन फायलीवर विभागाच्या नावाची, कालमुद्रांकित, वैध सही असल्याशिवाय देयक अदा केले जाणार नाही’ हे कलम घालावे, अशी विनंती आहे. मसुदे तयार करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यांपैकी कोणाला सही तपासायची कशी हे पाहायचे असेल, तर फाईलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब शोधावा. सध्या आपल्याच संकेतस्थळावर असलेल्या सेटअपपासून सुरुवात करता येईल.

कळावे,

आपला,
तालुक्याच्या ठिकाणी संगणक देखभालीचे काम करणारा एक नागरिक